निरोपाची रेघ

आमच्या घरात विमानतळावरचे दोन फोटो आहेत. पहिला १९७४चा, सांताक्रूझच्या प्रेक्षक-गॅलरीतून काढलेला. खाली कठड्याची आडवी पट्टी, डावीकडे कुणाच्या तरी छत्रीचं टोक, दूरवर बोइंग ७०७ आणि त्याला लावलेली शिडी. शिडीवर सात-आठ ठिपके आहेत. वरून तिसऱ्या ठिपक्याभोवती कुणीतरी निळ्या शाईनं गोल केला आहे. ते माझे थोरले काका. दुसरा फोटो १९७९च्या नोव्हेंबरमधला. त्यात मधले काका अगदी समोर उभे आहेत. खिशातलं पेन दिसतं, हारातली झेंडूची फुलं मोजता येतात. मागे पत्र्याची भिंत आहे. विमान कुठेच नाही.

आजी पहिला फोटो देवघराशेजारच्या फळीवर ठेवायची आणि दुसरा ट्रंकेत. लहानपणी मला हे उलटं वाटायचं. चेहरा असताना ठिपका कशाला जपायचा?

मी इतिहासाचा रीतसर विद्यार्थी नाही. बारावी झाल्यावर टपाल खात्यात लागलो, आरएमएसमध्ये, आणि नोकरीची बरीच वर्षं हवाई टपालाच्या थैल्या मोजण्यात गेली. थैली विमानात कशी चढते हे नोकरीनं शिकवलं. माणूस कसा चढत आला, याचं कुतूहल त्यातूनच लागलं. रद्दीवाल्यांकडून जुनी तिकिटं, वेळापत्रकं, बोर्डिंग कार्डं जमवत गेलो. सुट्टीच्या दिवशी दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जुनी वर्तमानपत्रं चाळली. विमानवाहतुकीचा इतिहास बहुतेक वेळा विमानांचा लिहिला जातो, नाहीतर कंपन्यांचा आणि इमारतींचा. मला त्यात एक रेघ शोधायची होती. सोडायला आलेला माणूस जिथवर येऊ शकतो आणि जिथून पुढे प्रवाशाला एकट्यानं जावं लागतं, ती रेघ. मुंबईत ती गेल्या नव्वद वर्षांत बरीच सरकली आहे.

सुरुवातीला ती जवळजवळ नव्हतीच. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, ते पुस मॉथ जातीचं एका इंजिनाचं छोटं विमान घेऊन. त्यात प्रवासी नव्हते, टपाल होतं. (हे लिहिताना मला खात्याचा अभिमान वाटतो आणि तो मी लपवत नाही.) पुढचा मद्रासपर्यंतचा टप्पा नेव्हिल व्हिन्सेंट यांनी उडवला. पहिल्या वर्षभरात टाटांच्या विमानांतून १५५ प्रवासी गेले, म्हणजे आठवड्याला तीन. त्यांच्यासाठी वेगळी सोय अशी नव्हती. टपालाच्या थैल्या लागल्या की उरलेल्या जागेत प्रवासी, प्रसंगी थैल्यांवरच. प्रवाशाचं सामानासकट वजन करायची पद्धत त्या काळात जगभर होती आणि त्यात कुणाला अपमान वाटत नसे. जुहूचं मैदान पावसाळ्यात चिखलात जायचं, तेव्हा सगळा कारभार पुण्याला, येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानावर हलवावा लागे. अशा ठिकाणी सोडायला आलेला माणूस विमानाच्या पंखापर्यंत जाऊन उभा राहिला, तर त्याला अडवणार कोण आणि कशासाठी?

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलानं सांताक्रूझला तळ उभारला. युद्ध संपल्यावर नागरी वाहतूक जुहूहून तिकडे गेली आणि हवाई दलानं मागे ठेवलेले दोन हँगर प्रवाशांच्या वाट्याला आले. विमान दुरुस्तीसाठी बांधलेल्या छपराखाली मुंबईचे प्रवासी येऊ-जाऊ लागले. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन जातीचं विमान पस्तीस प्रवासी घेऊन कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघालं. एअर इंडियाचं ते पहिलं परदेशी उड्डाण.

या काळात चढण्याचा अनुभव विमानागणिक वेगळा होता, आणि तो आता सांगणारी माणसं थोडीच राहिली आहेत. डाकोटाचं तिसरं चाक शेपटीखाली असायचं, त्यामुळे जमिनीवर उभं असताना विमान नाक वर करून बसल्यासारखं दिसे. मागच्या दारातून चार पायऱ्या चढलं की आत खरा चढ सुरू व्हायचा. एका निवृत्त प्राध्यापकांनी मला सांगितलं, की पुढची जागा मिळालेल्या त्यांच्या वडिलांना दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांना धरत धरत वर जावं लागलं होतं आणि ‘पर्वती चढलो’ असं ते घरी आल्यावर म्हणाले होते. कॉन्स्टेलेशन त्याच्या उलट. उंच पायांवर उभं, दार बरंच वर. त्याला चाकांची मोठी शिडी आणून लावावी लागायची. पुढे १९६४मध्ये इंडियन एअरलाइन्सकडे कॅराव्हेल आलं, त्याची शिडी शेपटीखालून आपोआप उतरायची. पाहणाऱ्यांना त्याचीच गंमत जास्त.

पण मला महत्त्वाची वाटते ती मोठी शिडी. तिच्यामुळे एक रीत जन्मली. प्रवासी शेवटच्या पायरीवर पोचला की दारात शिरण्याआधी वळायचा आणि हात हलवायचा. मागचा माणूस खोळंबायचा, हवाई सुंदरी हसून वाट बघायची. माझ्याकडे जमलेल्या चाळीसेक कौटुंबिक फोटोंपैकी निम्म्यांहून जास्त याच क्षणाचे आहेत. नेत्यांच्या आणि नटनट्यांच्या फोटोंनी ही रीत लोकप्रिय केली असेल, पण ती सगळ्यांना मिळत होती. नव्वद टक्के लोकांना आयुष्यात एकदाच मिळत असे, हा भाग वेगळा.

१९५८मध्ये सांताक्रूझला नवी टर्मिनल इमारत झाली. रेघ आता स्पष्ट झाली, तरी तिच्या अलीकडे भरपूर जागा होती. सोडायला आलेली मंडळी इमारतीत शिरायची, तिकीट-सामानाच्या काउंटरपर्यंत बरोबर असायची आणि मग थोडे पैसे देऊन गॅलरीत जायची. तिथून विमान दिसायचं, आपला माणूस चालत जाताना दिसायचा. त्या काळच्या मराठी वर्तमानपत्रांत ‘परदेशगमन’ अशा मथळ्याच्या छोट्या जाहिराती येत: टाय लावलेला पासपोर्ट आकाराचा फोटो, ‘उच्च शिक्षणासाठी रवाना’, खाली मित्रमंडळाचं किंवा ज्ञातिबांधवांचं नाव. काहींत विमान सुटण्याची वेळही असे. म्हणजे ती बातमी नव्हती, आमंत्रण होतं. पार्ल्याच्या किंवा गिरगावच्या एका मुलाला सोडायला तीस-चाळीस माणसं जात. हार इतके पडत की गळ्यातले काढून मुलगा आईच्या हातात देई आणि पुन्हा नवे घालून घेई. हातावर दही घरीच दिलेलं असे, पण एखादी मावशी डबीतून पुन्हा आणायचीच.

१९७१च्या एप्रिलमध्ये एअर इंडियाचं पहिलं जंबो जेट ‘सम्राट अशोक’ मुंबईत आलं. पस्तीस प्रवाशांच्या जागी आता एका विमानात साडेतीनशे. प्रत्येकामागे पाच माणसं धरली तरी एका उड्डाणाला पावणेदोन हजार सोडणारे होतात. हँगरच्या काळातली ऐसपैस रीत या गर्दीत टिकणं अवघडच होतं. पण निव्वळ गर्दीनं रेघ सरकली असती, तर ती हळूहळू सरकली असती. ती झटक्यानं सरकली, त्याचं कारण भीती.

३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून जम्मूला निघालेलं ‘गंगा’ हे फोकर विमान लाहोरला पळवून नेण्यात आलं. सप्टेंबर १९७६मध्ये दिल्लीहून मुंबईला निघालेलं बोइंग ७३७ पळवलं गेलं. आणि २८ सप्टेंबर १९७७ला गोष्ट थेट मुंबईच्या दारात आली: पॅरिसहून टोकियोला चाललेलं जपान एअरलाइन्सचं विमान मुंबईहून उडाल्यावर थोड्याच वेळात जपानी रेड आर्मीच्या पाच सशस्त्र माणसांनी ताब्यात घेतलं आणि ढाक्याला नेलं. जपान सरकारला साठ लाख डॉलर आणि तुरुंगातले साथीदार द्यावे लागले. या काळात झडती, पिशव्या उघडून पाहणं, बायकांसाठी पडद्याआडची तपासणी हे सगळं नित्याचं झालं. चढणारा माणूस आतापर्यंत पाहुणा होता. तो संशयित झाला. त्याला सोडायला आलेला माणूस तर आणखीच.

१ जानेवारी १९७८च्या रात्री ‘सम्राट अशोक’ सांताक्रूझहून दुबईला उडालं आणि दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं. २१३ माणसं गेली. त्याचा झडतीशी किंवा निरोपाशी काही संबंध नाही, पण त्या पिढीतल्या कुणाशीही बोललं की ही रात्र निघतेच. त्यांना सोडायला गेलेली मंडळी बहुधा घरीही पोचली नव्हती. त्यानंतर बरीच वर्षं आमच्याकडे विमान सुटल्यावर लगेच निघायचं नाही, अर्धा तास थांबायचं, असा नियम होता.

मग आग. २१ सप्टेंबर १९७९ रोजी सांताक्रूझच्या टर्मिनलला मोठी आग लागली, तीन प्रवासी दगावले आणि इमारतीचं जबर नुकसान झालं. ऑक्टोबरपासून निर्गमनासाठी तात्पुरती सोय उभी राहिली. तिला ‘गल्फ टर्मिनल’ म्हणत.

हे नाव उगाच पडलेलं नाही. १९७३नंतर तेलाचे भाव चढले आणि आखातात बांधकामाचा धडाका सुरू झाला, तेव्हा कोकणातली माणसं तिकडे निघाली. खेड, चिपळूण, मंडणगड, महाड, श्रीवर्धन. त्याआधीही मुंबई बंदरातून आखातात बोटी जात होत्या. त्यातली शेवटची ‘द्वारका’ १९८२पर्यंत चालू होती. कोकणी माणसाला बोट ठाऊक होती. धक्क्यावर उभं राहून बोट दिसेनाशी होईपर्यंत बघायचं, हा निरोप त्याच्या अंगवळणी पडलेला. विमानतळावरही तो तीच अपेक्षा घेऊन आला.

१९७९च्या नोव्हेंबरमध्ये मधल्या काकांना सोडायला आम्ही बाराजण गेलो. मी नऊ वर्षांचा होतो. आजी खेडहून रात्रीच्या एसटीनं आली होती, मांडीवर कापडात बांधलेलं भाकरी आणि सुक्या सुंगटांच्या चटणीचं गाठोडं. थोरल्या काकांच्या वेळी ती गॅलरीत गेली होती, त्यामुळे तिला सगळं ‘माहीत’ होतं. टॅक्सीतून उतरल्यापासून ती विचारत होती, वर जायचा जिना कुठे. जिना नव्हता. पत्र्याची भिंत, बांबूंचे अडसर, पोलीस आणि शेकडो माणसं. सगळी आमच्यासारखीच: लुंगी-सदरा, नऊवारी, बुरखे, दोरीनं आवळलेल्या बॅगा, त्यांवर ऑइलपेंटनं लिहिलेली नावं. एकेकाचं नाव एजंटचा माणूस ओरडायचा आणि तो आत जायचा. काकांचं नाव आलं तेव्हा वडील फोटो काढतच होते. काका हार काढून आजीकडे देऊन गेले. गाठोडं तिच्याच हातात राहिलं.

आम्ही दोन तास थांबलो. विमानं उडत होती, आवाज येत होते. प्रत्येक आवाजाला आजी वर बघायची आणि विचारायची, “ह्यो आपला?” वडील प्रत्येक वेळी “असेल” म्हणायचे. शेवटी कुणीतरी सांगितलं, की ते विमान केव्हाच गेलं. परतीच्या टॅक्सीत आजी एवढंच म्हणाली, “आत ग्येला तेवडा बगितला. ग्येला तो नाय बगितला.”

काकांचं सुटीचं पहिलं तिकीट १९८१च्या दिवाळीचं होतं. आजी त्याच पावसाळ्यात गेली.

तिनं ठिपका का जपला, हे मला पुष्कळ नंतर कळलं. चेहरा तिला पाठ होता. जाणं दिसायला हवं होतं.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सहारचं आंतरराष्ट्रीय टर्मिनल सुरू झालं आणि रेघ कायमची भिंत झाली. इमारतीच्या आतून थेट विमानाच्या दारात नेणारे पूल आले. पावसात भिजणं संपलं, म्हाताऱ्या माणसांचे गुडघे सुटले. हे मोठंच सुख, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याबरोबर शिडी गेली, आणि शेवटच्या पायरीवर वळणंही. पुलातून जाणाऱ्या माणसाला आपण विमानात नेमके केव्हा शिरलो हे खालच्या फटीतून गार वारा लागला की कळतं. बघणारं कुणी नसल्यामुळे हातही हलत नाही.

१९८३च्या उत्प्रवासन कायद्यानं आणखी एक रांग निर्माण केली. कमी शिकलेल्या माणसाच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’चा शिक्का असे, आखातासारख्या ठरावीक देशांत नोकरीला जायचं तर सरकारी परवानगी घेतल्याशिवाय त्याला पुढे सोडत नसत. कामगारांची फसवणूक थांबावी हा हेतू चांगलाच होता. प्रत्यक्षात खिडकीपाशी घाम फुटलेला माणूस उभा असायचा. १९९६ साली मधल्या काकांनी मला मस्कतला बोलावून घेतलं, तेव्हा मी ही रांग आतून पाहिली. निघताना प्रत्येकाला एक कार्ड भरावं लागायचं: नाव, पासपोर्ट क्रमांक, प्रवासाचा हेतू. माझ्या हातात पेन दिसल्याबरोबर मागच्यानं आपलं कार्ड पुढे केलं, मग त्याच्या मागच्यानं. टपाल खात्यात मनीऑर्डरीचे फॉर्म भरून देण्याची सवय होतीच. मी सात कार्डं भरली. ‘हेतू’च्या रकान्यापाशी एकजण म्हणाला, “तुम्हीच लिहा काय ते. मुलीचं लग्न आहे.” मी ‘नोकरी’ लिहिलं. भारतीय प्रवाशांसाठी हे कार्ड १ जुलै २०१७पासून बंद झालं. माझ्याकडे एक कोरं जपून ठेवलेलं आहे.

देशांतर्गत प्रवासात मात्र या काळात एक विचित्र गोष्ट घडली: प्रवासी पुन्हा विमानाजवळ आला. २३ जून १९८५ रोजी ‘कनिष्क’ विमानात स्फोट होऊन ३२९ माणसं गेली. बॉम्ब ज्या बॅगेत होता, तिचा मालक विमानात चढलाच नव्हता. त्यानंतर आपल्याकडे विमानाशेजारी सगळ्या बॅगा ओळीनं मांडून ठेवत आणि प्रत्येक प्रवाशानं आपली बॅग बोटानं दाखवल्याशिवाय ती वर चढत नसे. १९९४ला मेहुण्यानं तिकीट काढून दिलं म्हणून मी नागपूरला गेलो, तो माझा पहिला विमानप्रवास. धावपट्टीच्या उन्हात, इंजिनांच्या आवाजात, आपलीच व्हीआयपी शोधताना मला उगाच अपराधी वाटत होतं. हमालानं खडूची फुली मारली आणि मी शिडी चढलो. वर पोचल्यावर मी वळून पाहिलं. गॅलरी कुठे दिसते का बघत होतो.

डिसेंबर १९९९च्या कंदाहार प्रकरणानंतर विमानतळांची सुरक्षा टप्प्याटप्प्यानं केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे गेली. हातातल्या पिशवीला कागदी टॅग आणि त्यावर शिक्का, हा त्या काळाचा खास ऐवज. मुंबईसह मोठ्या विमानतळांवर तो २०१७मध्ये बंद झाला. टॅग नसल्यामुळे दारातून मागे पळालेली माणसं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. मधल्या काळात खासगी कंपन्या आल्या, २००३मध्ये एअर डेक्कन आली. सुरुवातीला तिच्या तिकिटावर आसन क्रमांक नसायचा. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या आपल्या लोकांना ही पद्धत शिकवावी लागली नाही. आज क्रमांक पक्का असूनही घोषणा होण्याआधी अर्धं विमान उठून रांगेत उभं राहतं, त्याला लोक अडाणीपणा म्हणतात. मला तसं वाटत नाही. डोक्यावरच्या कप्प्यात जागा मर्यादित आहे आणि ती क्रमांकानुसार मिळत नाही. रांगेतल्या माणसाचा हिशोब बरोबर असतो.

मुंबईला आडव्या छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या आहेत, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तरीही २०१८मध्ये एका दिवसात हजाराहून जास्त विमानं चढली-उतरली. फेब्रुवारी २०१४पासून नवं टर्मिनल दोन वापरात आहे. निर्गमन चौथ्या मजल्यावर. दारात तिकीट आणि ओळखपत्र पाहिल्याशिवाय आत पाऊल नाही, आणि आता चेहरा दाखवूनही आत जाता येतं. रेघ पंखापासून निघाली होती, ती रस्त्याच्या कडेला येऊन थांबली आहे. तिथेही फार थांबता येत नाही. शिट्टी वाजते, गाडी पुढे घ्यावी लागते.

२०२३च्या सप्टेंबरमध्ये माझी मुलगी जर्मनीला शिकायला गेली. आम्ही चौघंच होतो. दही बायकोनं घरी दिलं होतं. मुलगी दारातून आत गेल्यावर आम्ही काचेच्या बाहेरून तिच्याबरोबर चालत राहिलो, एका काचेपासून दुसरीपर्यंत. आमच्यासारखी आणखी दहा-पंधरा कुटुंबं तसंच करत होती. सगळ्यांचे हात कपाळाशी, काचेतलं प्रतिबिंब टाळण्यासाठी. काउंटरच्या गर्दीत ती दिसेनाशी झाली. घरी आल्यावर बायको फोनवर विमानाचं पिवळं चित्र बघत बसली, पहाटे ते अरबी समुद्रावरून पुढे सरकेपर्यंत. मी ट्रंकेतून दुसरा फोटो काढला आणि फळीवर पहिल्याशेजारी ठेवला.

सांताक्रूझच्या गॅलरीतून काढलेले फोटो मी अजून जमवतो आहे. वाचकांपैकी कुणाच्या घरी असे असतील, आणि त्यात माणूस ओळखू येत नाही म्हणून ते टाकून द्यायचे ठरले असेल, तर कृपया टाकू नका. मागच्या बाजूला तारीख आणि कोण चाललं होतं एवढं लिहून ठेवा. घरातलं सर्वांत वयस्कर माणूस आहे तोवर त्याला विचारून, कोणता ठिपका ते शाईनं गोल करून ठेवा.